पाणी चालेल का, सिस्टर?

सकाळचे साडेदहा. पाऊस जाऊन पंधरा दिवस झालेत आणि ऑक्टोबरचं ऊन मे महिन्यासारखं अंगावर येतंय. कापसाच्या मुलखातला हा मोठा सरकारी दवाखाना. आवारातल्या कडुलिंबाखाली चटया पसरल्यात. त्यांवर डबे, पिशव्या, गोधड्या, एक उघडंच झोपलेलं पोर.

व्हरांड्याच्या टोकाला पाण्याचा कूलर आहे. तोट्या तीन, चालू एकच. धार करंगळीएवढी. रांगेत वीस-बावीस माणसं आणि प्रत्येकाच्या हातात दोन-दोन बाटल्या. लेबलं निघालेल्या, झाकणं बदललेल्या, चेपून वाकड्या झालेल्या. पुढच्याची बाटली भरेपर्यंत सगळ्यांचे डोळे त्या धारेवर.

"कोणत्या वॉर्डात हाय तुमचं पेशंट?"

"सातात. पन त्याले पानी बंदच हाय."

"मंग भरता कायले?"

"मांगते ना तो सारखा. उशाशी बाटली दिसली का थोडा उगा राह्यते."

विचारणारी बाई गप्प होते. आपली बाटली तिरकी करून तोटीखाली धरते.

मी जिना चढते. जिन्याच्या कोपऱ्याकोपऱ्यात खर्ऱ्याच्या लाल पिचकाऱ्या. रंगाचा नवा हात देऊनही त्या खालून दिसतातच. 'थुंकू नका' ही पाटीसुद्धा अर्धी लाल झालीय. पहिल्या मजल्यावर एक खिडकी आहे, वर लिहिलंय 'थुंकी तपासणी'. खिडकीतला माणूस प्लास्टिकची डबी परत करतोय. "काका, ही नुसती लाळ आहे. खोकून छातीतला बेडका काढा. लाळेत क्षयाचा जंतू सापडायचा नाही." म्हातारा डबी हातात घेऊन उभा. खोकतो. काही येत नाही. भिंतीला टेकून पुन्हा खोकतो.

चार नंबर. पुरुषांचा मेडिसिन वॉर्ड. खाटा पन्नास, माणसं जास्त. उरलेली दोन खाटांमध्ये गादी टाकून. पंखे फिरतात, पण गरम हवाच खाली ढकलतात. फिनेल, घाम, उलटी आणि कुणाच्या तरी डब्यातली लसणाची फोडणी, असा एक मिळून वास.

राऊंड चाललाय.

"जीभ दाखवा."

जीभ बाहेर येते. मधोमध पांढरट थर, कडा लाल, वर बारीक भेगा. पुढची खाट. "जीभ दाखवा." ही तपकिरी, खरखरीत, मांजराच्या जिभेसारखी. पुढची खाट. एका वॉर्डात इतक्या जिभा एकामागून एक बाहेर येताना मी पाहते, तेव्हा दरवेळी वाटतं, आजार कुठलाही असो, त्याची पहिली वर्दी इथे लागते.

तेराव्या खाटेवर कॉलेजातला पोरगा. डेंगी, पाचवा दिवस. त्याचा बाप प्लेटलेटचा आकडा विचारतोय, काल किती, आज किती. डॉक्टर आकडा सांगतात आणि लगेच उलट विचारतात, "सकाळपासून लघवी किती वेळा झाली? पाणी किती प्यालास?" डेंगीत ताप उतरायला लागतो त्या एक-दोन दिवसांतच रक्तातलं पाणी बारीक वाहिन्यांतून झिरपून बाहेर जातं. शरीरातलं पाणी कमी पडलं की लाळ आटते. या पोराला पाणी चालतं. नुसतं चालत नाही, प्यायलाच पाहिजे. पण तोंड इतकं कडू झालंय की तो ओआरएसचा पेला बघूनच मान फिरवतो. बाप चमच्याने पाजतो. एक चमचा, मग तोंड पुसणं, मग दुसरा चमचा. पोरगा विशीचा आहे. बापाच्या दुसऱ्या हातात रुमाल लाळेऱ्यासारखा हनुवटीखाली धरलेला.

पलीकडच्या खाटेखाली रिकाम्या बाटल्यांची ओळ. याची साखर चारशेच्या वर गेलीय. रक्तातली साखर १८०च्या पुढे गेली की ती लघवीत उतरू लागते आणि सोबत पाणी ओढून नेते. तो पितो, लघवीला जातो, पुन्हा पितो. "विहीरच लागली म्हना पोटात," त्याची बायको म्हणते. तरी ओठ बोलताना एकमेकांना चिकटतात.

तिच्या हातातली बाटली एक लिटरची आहे. धडधाकट माणसाच्या तोंडात दिवसाला अर्धा ते दीड लिटर लाळ तयार होते, म्हणजे साधारण एवढीच. कानापुढची एक जोडी, जबड्याखालची दुसरी, जिभेखालची तिसरी, शिवाय ओठांच्या आणि गालांच्या आत शेकड्यांनी बारीक ग्रंथी. सगळ्या गपचूप काम करतात. आपण गिळत राहतो. दिवसभरात बाटलीभर पाणी आपल्याच तोंडात येऊन गेलं, याची आठवण ते आटल्यावरच होते.

वरचा मजला. अतिदक्षता विभागाबाहेर चपलांचा ढीग. आतून सक्शन मशीनचा आवाज, घर्र घर्र.

पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत इथे फवारणीवाले येतात. कपाशी छातीएवढी वाढलेली असते, वारा फिरला की फवारा तोंडावर येतो, गळक्या पंपातलं औषध पाठीवरून उतरतं. काहींनी ते औषध प्यालेलं असतं. खाटेपाशी तो फरक कुणी मोठ्याने बोलत नाही. उपचार तोच असतो.

कोपऱ्यातला माणूस चाळिशीचा असेल. पहाटे आणला तेव्हा तोंडातून फेस, डोळ्यांतून पाणी, कपडे घामाने आणि लघवीने भिजलेले. ऑर्गनोफॉस्फेट जातीचं कीटकनाशक असंच करतं. नसांकडून ग्रंथींना निरोप जातो आणि काम झालं की तो निरोप पुसून टाकणारं एक एंझाइम असतं. हे विष त्या एंझाइमलाच पकडून ठेवतं. निरोप पुसला जात नाही. लाळ थांबत नाही, घाम थांबत नाही, श्वासनळ्यांत पाझर भरत जातो. कोरड्या जमिनीवरचा माणूस आपल्याच पाण्यात बुडायला लागतो.

ट्रेमध्ये फुटक्या काचेच्या कुप्यांचा ढीग आहे. अ‍ॅट्रोपिन. एका कुपीत ०.६ मिलिग्रॅम. सुरुवातीला तीन ते पाच कुप्या, पाच मिनिटांनी तपासायचं, फरक नसेल तर डोस दुप्पट, पुन्हा पाच मिनिटं. इंटर्न मुलगी कुपीची मान मोडते, सिरिंज भरते, पुढची मोडते. तिच्या अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळलेली आहे. ती पुटपुटत आकडा मोजतेय, चुकू नये म्हणून.

डॉक्टर त्याच्या काखेत हात घालतात. कोरडी. छातीला स्टेथोस्कोप लावतात, पुढून, मग कुशीवर वळवून मागून. घरघर गेलीय.

"जीभ दाखवा, दादा."

जीभ टाळूला चिकटलीय. ती सुटताना बारीक आवाज येतो, टक्. पांढरी, सुकलेली, लाकडाच्या सालीसारखी.

"कोरडी आहे. छान."

दारात उभी असलेली त्याची बायको हे ऐकते. पदर तोंडाला लावलेला. "डॉक्टर, तोंडात थेंब नाही राह्यला त्याईच्या, अन् तुमी छान म्हनता?"

डॉक्टर तरुण आहेत, रात्रभर जागे आहेत. तरी थांबतात. "ताई, पहाटे तोंड ओलं होतं तेव्हा जिवाला धोका होता. आता कोरडं पडलं, म्हणजे औषध लागू पडलं. पाणी मागतील, बडबडतील, चादर ओढतील. घाबरू नका. पाणी मात्र पाजू नका."

माणूस हवेतून काहीतरी वेचतोय. बोटं कापूस वेचताना चालतात तशी चालतायत. ओठ हलतात. पानी. पानी. बायको बाटली पदराखाली लपवते. कोरड्या जिभेसाठी सगळे हात जोडून वाट बघतात अशी या दवाखान्यात ही एकच खोली आहे.

सर्जरीचा वॉर्ड. इथे सलाईनच्या स्टँडवर पुठ्ठे लटकवलेत. त्यांवर मार्करने तीन अक्षरं, एनबीएम. तोंडाने काही नाही. अशिक्षित आजीलासुद्धा ती अक्षरं पाठ आहेत.

दुपारचा दीड वाजलाय. खिडकीजवळच्या बाईचं पित्ताशयाच्या खड्यांचं ऑपरेशन आज आहे, यादीत नंबर चौथा. रात्री बारापासून पाण्याचा घोट नाही. आत दुसरं चाललंय. भूल देण्याचे जगभरातले नियम आता असं सांगतात की धडधाकट माणसाला जेवणानंतर साधारण सहा ते आठ तास थांबवावं, साधं पाणी मात्र दोन तास आधीपर्यंत चालतं. पण यादी लांब असते, कुणाचा नंबर कधी लागेल ते थिएटरच्या दारातही ठरत नाही, म्हणून सगळ्यांना सरसकट 'रात्री बारानंतर काही नाही' सांगितलं जातं. मला हे पटत नाही. सांगणाऱ्या सिस्टरची अडचण कळते, तरी पटत नाही. साडेतेरा तास झालेत. ती जीभ दातांवरून फिरवते, आवंढा गिळायला बघते. गिळायला काही नाही. घसा नुसताच वर-खाली होतो.

टेबलावर घेतल्यावर तिला ग्लायकोपायरोलेटचं इंजेक्शन मिळेल. घशात नळी घालताना लाळेचा अडथळा नको, म्हणून उरलीसुरली लाळ मुद्दाम आटवायची. त्याचा परिणाम सात-सात तास राहतो. शुद्धीवर आल्यावर पोटापेक्षा घशाची तक्रार आधी करणारी माणसं मी किती पाहिलीत. "टाके दुखतात का?" असं विचारलं तर मान हलवतात आणि बोट तोंडाकडे नेतात.

डायलिसिसच्या खोलीचं दार उघडलं की गार वारा अंगावर येतो. आठ खुर्च्या, आठ यंत्रं. प्रत्येकाच्या हातातून लाल नळी निघते, यंत्रात फिरते, परत हातात जाते. एकेकाचे चार तास. काही घोरतात. दोघी मोबाइलवर कीर्तन ऐकतायत, एकच इअरफोन वाटून.

पाचव्या खुर्चीवर एसटीतून निवृत्त झालेले वाहक. आधी वजनकाट्यावर उभे राहिले, मग सुई. तंत्रज्ञ आकडा वाचतो. "काका, परवापासून अडीच किलो वाढलं. अडीच लिटर पाणी झालं हे."

"काय करू, सायबा? तोंडाचं चामडं होते."

काका पाणी पळीने पितात. देवपूजेची तांब्याची पळी. बायकोने देव्हाऱ्यातून काढून दिली. त्यांची लघवी जेमतेम एक पेलाभर होते. दिवसाची लघवी अधिक अर्धा लिटर, एवढंच पाणी त्यांना चालतं, आणि त्यात चहा आला, वरण आलं, ताक आलं, गोळ्यांचा घोट आला. बायको फ्रिजात बर्फाचे खडे करते. एक खडा चघळला की दहा-पंधरा मिनिटं निघतात. "पन बर्फ म्हनजे पानीच," ती मला सांगते, "तोबी मी मोजतो." वहीत रकाने पाडलेत. सकाळ, दुपार, रात्र. पळ्या, खडे, कप. भाकरीसोबतचा ठेचा आणि लोणचं तिने बंद केलंय, कारण मीठ गेलं की तहान वाढते, हे तिला आता कुणी सांगावं लागत नाही. काकांच्या गालात एक वेलदोडा असतो. तो चघळला की कुठूनसा थोडा ओलावा येतो.

त्यांच्या यंत्रातून मिनिटाला ५०० मिलिलिटर शुद्ध केलेलं, क्षार मिसळलेलं पाणी वाहतंय. चार तासांत १२० लिटर. रक्तातली घाण घेऊन ते मागच्या नळीने गटारात जातं. काकांच्या कोपरापासून हातभर अंतरावर त्याची खळखळ ऐकू येते. काका डोळे मिटून ऐकतात.

"नदीकाठी बसल्यावानी वाटते," ते म्हणतात.

जुन्या इमारतीच्या तळमजल्यावर शेक देतात. किरणोपचाराला इथे सगळे शेकच म्हणतात. बाकावर पुरुषांची रांग, बहुतेक गळ्यात मफलर किंवा उपरणं, या उन्हातही. मानेची कातडी काळी पडलीय, ती झाकायला. प्रत्येकाच्या मांडीवर पाण्याची बाटली. दर मिनिटाला कुणीतरी झाकण उघडतो, चूळ भरल्यासारखं पाणी गालात फिरवतो, गिळतो, झाकण लावतो. मग दुसरा.

बाकाच्या टोकाचा माणूस पंचेचाळिशीचा आहे. गालाचा कर्करोग. एकविसावा शेक आज. एकूण तेहतीस. आठवड्याचे पाच, शनिवार-रविवार सुट्टी. लाळ पहिल्या आठवड्यातच कमी झाली. आता जी येते ती गोंदासारखी, तार धरणारी. तो बोटाने ओढून काढतो, रुमालाला पुसतो, शरमून इकडेतिकडे बघतो.

"दिवसाचे दहा खर्रे खात होतो, ताई. सारा रस्ता लाल करत जायचो. आता थुंकतो म्हटलं तर थुंकी नाही."

भाकरी बंद झालीय. घास तोंडातल्या तोंडात फिरत राहतो, पिठाळ गोळा होतो. चव लागत नाही. चवीचा कण पाण्यात विरघळल्याशिवाय जिभेला कळत नाही, आणि तोंडातलं पाणी गेलं. तो खिचडीत पातळ ताक ओतून पितो. डोळे मिटून पितो.

गाठीला ६६ ते ७० ग्रे एवढी मात्रा लागते. कानापुढची लाळग्रंथी तेवढी सोसू शकत नाही. नव्या यंत्रांवर किरणांची आखणी अशी करता येते की निदान एका बाजूच्या ग्रंथीला सरासरी २६ ग्रेहून कमी मात्रा बसावी. तेवढ्यात राखली तर काही महिन्यांनी ती हळूहळू पुन्हा पाझरू लागते. पायलोकार्पिन नावाची गोळीही आहे, दक्षिण अमेरिकेतल्या जाबोरांडी झुडपातून निघालेलं औषध. ग्रंथीत जीव उरला असेल तरच ती चालते. उरला नसेल तर बाटली.

शेजारच्या दातांच्या खोलीत याच रांगेतली माणसं येतात. लाळ आटली की तोंडातलं आम्ल धुवायला कुणी नसतं, जंतूंना अडवायला कुणी नसतं. दात हिरडीच्या कडेपाशी किडतात आणि मुळाशीच मोडतात. डॉक्टरबाई एकेकाला फ्लोराइडचं मलम समजावतायत. खुर्चीवर मात्र आता कर्करोगाचा रुग्ण नाही. पन्नाशीची एक बाई आहे, हिरवी साडी, डोळ्यांत खडे टोचल्यासारखी सारखी उघडझाप. डॉक्टरबाई छोटा आरसा तिच्या गालाच्या आत टेकवतात आणि काढायला जातात. आरसा निघत नाही. कातडी आरशासोबत ओढली जाते, मग सुटते.

"हे बघा," त्या शिकाऊ मुलांना म्हणतात. "ओल्या तोंडात आरसा घसरतो. इथे चिकटला."

बाईला मान खाली घालून बसवतात. हातात एक कप. गिळायचं नाही, बोलायचं नाही, जे येईल ते कपात ओघळू द्यायचं. पाच मिनिटं. घड्याळाची टिकटिक ऐकू येते. बाहेर कुणीतरी नंबर पुकारतंय. चांगल्या तोंडातून काही न चघळता मिनिटाला ०.३ ते ०.४ मिलिलिटर लाळ येते. ०.१ च्या खाली गेली की डॉक्टर तोंड आटलं असं लिहितात. पाच मिनिटांनी कप तिरका करून बघतात. तळाशी फेसाचा एक ठिपका. दहा थेंबही नाहीत.

हेन्रिक श्योग्रेन नावाच्या स्वीडिश नेत्रवैद्याने १९३३ साली आपल्या प्रबंधात अशा बायकांची वर्णनं लिहिली. डोळे कोरडे, तोंड कोरडं, सांधे दुखरे. शरीराची संरक्षक फौज आपल्याच ग्रंथींवर उलटते. दहा रुग्णांत नऊ बायका असतात. कपवाली बाई सहा वर्षं भाकरी पाण्यात बुडवून खातेय. तिला आजवर सगळ्यांनी टेन्शन घेऊ नका असंच सांगितलं. आज तिला रक्त तपासायला पाठवलंय. ती कागद घडी घालून ब्लाउजमध्ये ठेवते आणि विचारते, "म्हंजी खरंच कायतरी आहे ना मला?" तिच्या आवाजात सुटका आहे.

संध्याकाळचे सहा. बायकांचा मेडिसिन वॉर्ड. भिंतीवर ऑक्सिजनच्या बाटल्या बुडबुडतात. नळीतून येणारा ऑक्सिजन कोरडाठाक असतो, त्याला ओल द्यायला ते पाणी. दोन बाटल्या रिकाम्या झाल्यात. सिस्टर जाता जाता भरते. आयुष्यभर चुलीपुढे बसून छाती गमावलेल्या बायका इथे तोंड उघडं टाकून श्वास घेतात. एकीची मुलगी ओठांना खोबरेल लावायला जाते तेव्हा सिस्टर लांबूनच ओरडते, "ऑक्सिजन चालू असताना तेल नको गं. पाण्याने पूस."

नवव्या खाटेवरच्या आजींना अर्धांगवायू झालाय. नाकात राइल्स ट्यूब. डाव्या कोपऱ्यातून लाळ गळतेय आणि जीभ मात्र मधोमध वाळलीय. लाळ तयार होते, ती गिळता येत नाही. काल नातवाने मायेने पेलाभर पाणी तोंडात ओतलं. अन्ननलिकेत जायचं ते श्वासनळीत गेलं. आजींना आज ताप आहे. नातू खाटेच्या पायथ्याशी बसलाय, कुणाकडे बघत नाही.

दहाव्या खाटेवरच्या आजी बोलतात. पण कवळी काढून स्टीलच्या वाटीत ठेवलीय. कवळी टाळूला धरून राहते ती लाळेच्या एका पातळ पडद्यावर, तो पडदाच नाही. मी त्यांच्या गोळ्यांची पिशवी बघते. रक्तदाबाची, लघवी वाढवण्याची, रात्री लघवी अडवण्याची, झोपेची, नसांच्या दुखण्याची, सर्दीची. सहा. यांतली एकेक थोडी थोडी कोरड आणते. सहा मिळून तोंडाचं वाळवंट करतात. प्रत्येक गोळी कुणीतरी काळजीनेच लिहिलेली आहे. सगळ्या एकत्र कुणी पाहिल्या नाहीत. मी वॉर्डातल्या डॉक्टरांना पिशवी दाखवते. ते एक चिठ्ठी वाचतात, दुसरी वाचतात, सर्दीची बंद करतात, झोपेची उद्या बघू म्हणतात.

खाटेला टांगलेला तक्ता मी वाचते. ताप, नाडी, श्वास, रक्तदाब, पाणी किती गेलं, लघवी किती झाली. तोंडासाठी रकाना नाही.

माझ्या वडिलांच्या वेळीही नव्हता. दुसऱ्या एका दवाखान्यात, दुसऱ्या शहरात, शेवटचे नऊ दिवस ते नळीवर होते. 'पाणी बंद' म्हणून सांगितलं होतं आणि मी ते अक्षरशः पाळलं. त्यांनी बोटाने ओठांना स्पर्श करून दाखवलं, पुन्हा पुन्हा दाखवलं, आणि मी त्यांचा हात धरून खाली ठेवत राहिले. पाजणं आणि ओठ ओले करणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे मला नऊ दिवसांत कुणी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. दहाव्या दिवशी गुरुजींनी सांगितलं म्हणून तोंडात गंगाजल घातलं. तुळशीचं पान ओठांवर ठेवलं. ते ओलं होतं.

रात्रपाळीची सिस्टर आलीय. एकटी. खाटा चाळीस. ती सलाइनं बघते, इंजेक्शनं देते, एका मावशीला चादर बदलायला सांगते. साडेआठला नवव्या खाटेपाशी थांबते. नातवाला हाक मारते.

"इकडे ये. हात धुऊन ये आधी."

तो येतो. ती वाटीत स्वच्छ पाणी घेते. गॉजचा चौकोनी तुकडा बोटाभोवती गुंडाळते, पाण्यात बुडवते आणि पिळते. पुन्हा पिळते. "थेंब गळता कामा नये. नुसतं ओलं. डोकं असं उंच ठेव, मान चांगल्या बाजूला वळव." मग ओठ पुसते. आतल्या कडेने हिरडी पुसते. गॉजवर पिवळी साल येते. तो तुकडा फेकून नवा घेते. गाल आतून. जीभ कडेकडेने, मागे जायचं नाही, नाहीतर उमळतं. तिसरा तुकडा. चौथ्या तुकड्याला जिभेचा खरा रंग दिसायला लागतो, गुलाबी.

"दर दोन तासांनी एवढंच करायचं. ग्लिसरीनची बाटली बाहेर मिळते, ती आणत बसू नका, लिंबू-ग्लिसरीन तर नकोच. त्याने आणखी सुकतं. पाणी पुरे."

"पानी चालते मंग?" नातू विचारतो. सकाळपासूनचं त्याचं हे पहिलं वाक्य.

"पाजायला नाही. पुसायला चालतं."

तो वाटी घेतो. गॉज पिळतो, सिस्टरकडे बघतो, आणखी पिळतो. आजींच्या ओठांवरून हळूच फिरवतो. आजी डोळे उघडत नाहीत. पण ओठ त्या ओल्या कापडावर मिटतात, तान्हं बाळ ओठ मिटतं तसे, आणि काही क्षण सोडत नाहीत.

सगळं मिळून तीन मिनिटं लागतात. मी घड्याळ पाहिलंय.

खाली कूलरपाशी अजून चार-पाच माणसं उभी आहेत. सात नंबरच्या वॉर्डवाला तिथेच आहे, उद्याचं पाणी भरून घेतोय. मी त्याला सिस्टरने काय केलं ते सांगते. तो नीट ऐकतो, गॉज कुठे मिळेल विचारतो आणि वर जातो.

तुमचं माणूस दवाखान्यात असेल तर त्याला विचारा, तोंड कोरडं पडतंय का. त्याच्या गोळ्यांची पूर्ण यादी डॉक्टरांपुढे ठेवा. आणि सिस्टरांना विचारा, पाणी चालेल का. त्या नाही म्हणाल्या तर तिथे थांबू नका. ओल्या गॉजने ओठ पुसले तर चालतील का, एवढं आणखी विचारा. बहुतेक वेळा त्या हो म्हणतात.